लायब्ररीतले असर्ट काढून टाका म्हणणाऱ्यांना उत्तर

राजेंद्रनगरवाला
काल इथे एक पोस्ट आली: लायब्ररीत (इतरांनी आपल्या प्रोग्रामला जोडायच्या तयार कोडमध्ये) असर्ट (अट खोटी ठरली की प्रोग्राम तिथेच थांबवणारी तपासणी) नकोच, चूक झाली तर एरर कोड परत करा, माझी प्रोसेस मारायचा हक्क लायब्ररीला दिला कोणी? खाली सगळे 'अगदी बरोबर' म्हणून मोकळे. मला राहवलं नाही.

फाइल उघडत नाही, सॉकेट तुटतं, गिऱ्हाईक रकमेच्या रकान्यात नाव टाकतं. हे होणारच, आणि त्याला एरर कोडच हवा. पण रिंग बफरमध्ये (गोल फिरून वापरायच्या ठरावीक जागेत) काउंट, म्हणजे भरलेल्या नोंदी, कपॅसिटीच्या पुढे गेला, तर बाहेर काही बिघडलेलं नसतं, कोड लिहिणारा चुकलेला असतो. त्या क्षणी मेमरीत काय उरलंय याची लायब्ररीलाही खात्री नाही. मग ती कुठला कोड परत करणार, आणि केला तरी बघणार कोण? प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनची रिटर्न व्हॅल्यू तपासणारा माणूस मला अजून भेटायचाय.

विजयनगरला आमच्या ऑफिसात बिलिंगच्या सर्व्हरवर हेच झालं. बफर ओलांडला गेला, शेजारच्या स्ट्रक्टमधला (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गठ्ठ्यातला) ग्राहक क्रमांक पुसला गेला आणि प्रोग्राम मुकाट चालत राहिला. भलत्याच नावांवर बिलं गेली तेव्हा कळलं. असर्ट कोडमध्ये होतं! पण सीमेक हे बिल्डचं साधन रिलीज बिल्डला, म्हणजे गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या आवृत्तीला, एनडीबग ही असर्ट बंद करणारी खूण आपणहून लावतं, रिलविथडेबइन्फो या प्रकारालासुद्धा, आणि एनडीबग लागलं की असर्टच्या जागी काहीच उरत नाही. डीबग बिल्डवर, म्हणजे चुका शोधायच्या आवृत्तीवर, तोच डेटा चालवला आणि लगेच फाइलचं नाव, ओळ, फंक्शन आणि 'काउंट <= कपॅसिटी' ही फसलेली अट समोर आली. असर्ट ठेवा, आणि रिलीजमध्येही चालू ठेवा. माझं म्हणणं एवढंच आहे.

पीथमपूर_शिफ्ट
ती पोस्ट माझी. तुमचं बिल चुकलं तर फोन येतो. आमच्याकडे काय होतं ते ऐका.

पाउच पॅकिंगच्या मशीनचा कंट्रोलर, लिनक्सवर चालणारा. बाहेरून घेतलेल्या लायब्ररीतलं असर्ट फुटलं, अबॉर्ट झालं, म्हणजे प्रोग्राम तिथल्या तिथे मेला, आणि सीलिंग जॉ (पाउच दाबून सील करणारा जबडा) तापलेल्या अवस्थेत मिटलेलाच राहिला. पाउच जॉला चिकटून जळला, शेडभर धूर. ऑपरेटर पोरगा तो हाताने ओढायला निघाला होता, सुपरवायझरने दंड धरून मागे खेचला म्हणून वाचला. आणि असर्ट कशाचं होतं? लॉगची ओळ २५६ अक्षरांपेक्षा लहान असली पाहिजे, याचं! एका लॉगच्या ओळीपायी चालती लाइन मारली.

लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, डॉक्युमेंटेशन स्पष्ट सांगतं की नवीन बग_ऑन (सगळं थांबवणारी तपासणी) घालू नका, वॉर्न_ऑन (फक्त इशारा देणारी) घाला आणि शक्य तितकं सावरून घ्या. लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्स यावरून लोकांवर जाहीरपणे भडकलाय. कर्नलवाल्यांना कळतं ते तुम्हाला कळत नाही?

राजेंद्रनगरवाला
पोरगा वाचला हे मोठंच. पण जॉ उघडणं हे वॉचडॉगचं (प्रोग्राम अडकला तर दखल घेणाऱ्या यंत्रणेचं) आणि हार्डवेअर इंटरलॉकचं (प्रोग्रामवर न विसंबणाऱ्या सुरक्षा-जोडणीचं) काम. उद्या सेगफॉल्ट येऊन, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागून, प्रोग्राम मेला तर? लाइट गेली तर? तेव्हाही जॉ मिटलेलाच राहणार ना? मशीन असं बनवणाऱ्याला जाब विचारा. आणि लॉगच्या ओळीची लांबी बाहेरून येते. तिच्यावर असर्ट घालणारा माणूस असर्ट समजलेलाच नाही.

नवी_भरती
समजणार कसं दादा? कॉलेजात आम्हाला असर्ट कोणी दाखवलंच नाही. लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर, निळी स्क्रीन, व्हॉइड मेन, शेवटी गेटच. डीबगिंग म्हणजे जागोजागी 'इथे आलो', 'इथे पण आलो' छापायचं. नोकरी लागल्यावर पहिल्या कोड रिव्ह्यूत माझं असर्टच्या कंसातलं फंक्शन पाहून सीनियर ओरडले: रिलीजमध्ये हा कॉल होणारच नाही! मला एनडीबग हा शब्दच माहीत नव्हता. चार वर्षं फी भरून हे शिकलो आम्ही.

लॅब_नंबर_तीन
चर्चा लायब्ररीची चालली आहे, पण हा आरोप आम्हा शिकवणाऱ्यांवर आहे, म्हणून लिहितो. टर्बो सीमध्येही असर्ट.एच (असर्ट देणारी फाइल) होतंच. ते १९८९च्या सी स्टँडर्डमध्येसुद्धा आहे. आम्ही शिकवलं नाही असं म्हणा, पण दोष कंपायलरवर टाकू नका. प्रॅक्टिकलची यादी विद्यापीठाकडून येते, एका बॅचला साठ मुलं, अर्धी मशीन बंद, आणि बाहेरून आलेला परीक्षक यादीबाहेरचं काही दिसलं की मार्क कापतो. यात मी काय करायचं ते सांगा.

नवी_भरती
सर, जीसीसी हा आजचा कंपायलर फुकट आहे. यादी बदलायला कोणी अर्ज तरी केला का?

लॅब_नंबर_तीन
केला. एकदा नव्हे. उत्तर आलं नाही. तुम्ही नोकरीला लागलात, मी तिथेच आहे. तेव्हा जरा बेतानं बोला.

आणि टर्बो सीने एक गोष्ट दिली: १६ बिटांचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा. त्यात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या ३२७६७ मध्ये एक मिळवला की उणे आकडा येताना मुलं डोळ्यांनी पाहतात. एरियन ५ हे युरोपचं रॉकेट याच आकड्यावर फुटलं. ४ जून १९९६, पहिलंच उड्डाण, सुमारे चाळीस सेकंदांत. ६४ बिटांचा फ्लोट (दशांश आकडा) १६ बिटांच्या इंटमध्ये मावला नाही. कोड एरियन ४ वरून आणलेला, तिथे तो आकडा कधी इतका वाढलाच नव्हता. हे मी दरवर्षी त्याच निळ्या स्क्रीनवर शिकवतो.

पीथमपूर_शिफ्ट
सर, उत्तम उदाहरण दिलंत, आणि ते माझ्या बाजूचं आहे. आकडा मावला नाही म्हटल्यावर दिशा सांगणाऱ्या यंत्रणेने काय केलं? स्वतःला बंद केलं. बॅकअपमध्ये तोच कोड, तोही बंद. आणि ते गणित जमिनीवरच्या अलाइनमेंटचं (दिशा जुळवण्याचं), उड्डाण झाल्यावर त्याचा उपयोगच नव्हता! नको असलेल्या गणितापायी यंत्रणा मारायची, याचंच नाव अबॉर्ट.

राजेंद्रनगरवाला
अर्धीच गोष्ट सांगू नका. धोक्यातल्या सात व्हेरिएबलांपैकी तिघांना संरक्षणच दिलं नव्हतं, प्रोसेसरचा भार ८० टक्क्यांखाली ठेवायचा म्हणून. 'हा आकडा इतका वाढणार नाही' हे गृहीत डोक्यात होतं, कोडमध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं. तिथे असर्ट असतं आणि एरियन ५ चा उड्डाणमार्ग जमिनीवर एकदा चालवून पाहिला असता, तर ते टेस्टमध्येच फुटलं असतं. त्यासाठीच असतं ते.

पीथमपूर_शिफ्ट
टेस्टमध्ये फुटू दे, माझी ना नाही. लाइनवर फुटू नये.

क्वेरीवाली
दोघंही एका मुद्द्याला हात लावत नाही आहात. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या कोडमध्ये हजारो असर्ट आहेत आणि रिलीजमध्ये ते बंद असतात, कारण चालू ठेवले की तिप्पट वेळ लागतो असं ते स्वतः लिहितात. 'रिलीजमध्येही सगळे चालू' हे राजेंद्रनगरवाल्यांचं म्हणणं तिथे टिकणार नाही. रस्ट भाषेने दोन वेगळे मॅक्रो (कंपाइल होताना कोडमध्ये उलगडणारी नावं) दिलेत, असर्ट रिलीजमध्ये राहतं आणि डीबग_असर्ट जातं. स्वस्त तपासणी पहिल्यात, महाग दुसऱ्यात.

आणि माझं खरं दुखणं वेगळंच आहे. एका लायब्ररीच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्यासोबत येणाऱ्या मांडणीच्या फाइलमध्ये, स्ट्रक्टच्या आत, एनडीबग नसेल तरच, एक डीबग काउंटर होता. लायब्ररी रिलीजमध्ये बांधलेली, आमचा प्रोग्राम डीबगमध्ये. दोघांच्या हिशेबी स्ट्रक्टचा आकार वेगळा, त्यापुढचं प्रत्येक फील्ड सरकलेलं. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, वाचायला जावं तर भलतंच काही हाती. दोघांना जोडणारा लिंकर एका शब्दाने बोलला नाही. त्या आठवड्यात मी घरी कोणाशी धड बोलले नाही. असर्टवर भांडा हवं तेवढं, पण डीबग मॅक्रोने स्ट्रक्टचा आकार बदलणाऱ्याला लायब्ररी लिहूच देऊ नये.

राजेंद्रनगरवाला
ताई, वेगाचं मान्य. प्रत्येक नोडला अख्खं झाड तपासणारं असर्ट रिलीजमध्ये ठेवा असं मी म्हणणार नाही. पण काउंट आणि कपॅसिटीची तुलना करायला काय लागतं? आणि आकाराचा प्रश्न स्टॅटिक_असर्टने सुटतो, सी ११ पासून, म्हणजे सी भाषेच्या २०११च्या स्टँडर्डपासून आहे. ते कंपाइल होतानाच अडवतं, कोणाचं मशीन मारत नाही.

क्वेरीवाली
नाही सुटत. दोन्ही बिल्डमध्ये ती अट आपापल्या आकाराशी जुळेलच. हेडरमध्ये पक्का आकडा लिहिलात, तरच पकडेल.

राजेंद्रनगरवाला
पक्का आकडाच म्हणतोय मी.

पीथमपूर_शिफ्ट
स्टॅटिक_असर्टला माझा कधीच विरोध नव्हता, तो माझ्या तोंडी घालू नका. बाकीच्या असर्टचं म्हणाल तर माझी अट सांगतो. असर्ट फुटल्यावर काय करायचं ते ठरवणारा हँडलर मला सेट करता आला पाहिजे, म्हणजे मी आधी हीटर तोडीन, जॉ उघडीन, आणि मग प्रोसेस मरू दे. हे असेल तर चालवून घेईन. आवडेल असं म्हणत नाही.

राजेंद्रनगरवाला
आमच्या असर्टच्या मॅक्रोत हँडलर आहेच. फक्त तो परत आला तरी आम्ही अबॉर्ट करतो, कारण मेमरी बिघडल्यावर पुढची ओळ चालवणं मला पटत नाही.

पीथमपूर_शिफ्ट
आणि तुमच्या बिघडलेल्या मेमरीवर माझा हँडलर जॉ उघडेल याचा भरवसा कोण देणार?

राजेंद्रनगरवाला
कोणीच नाही. म्हणून तर इंटरलॉक म्हणतोय मघापासून.

लॅब_नंबर_तीन
नवी_भरती, जीसीसीवर असर्टचं एक प्रॅक्टिकल लिहून पाठवा. यादीत नसलं तरी पुढच्या सेमिस्टरला मी घेतो, परीक्षकाचं मी बघतो.

नवी_भरती
रविवारी पाठवते सर. एनडीबग लावून आणि न लावता, दोन्ही आउटपुट जोडून.