प्रति: मे महिन्यात एअरब्रशचा रंग खरखरीत का बसतो?

वर विचारलंय की मॉडेल विमानावर एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेननं, मारलेला अॅक्रिलिक रंग पिठासारखा खरखरीत का बसतो. भाऊ, खोट रंगात नाही, हवेत आहे. आमच्या आर्वीकडे (वर्धा जिल्हा) पारा ४४-४५ वर गेला की थेंब पंखावर पोचायच्या आधी वाटेतच वाळतो. रंगात रिटार्डरचे, म्हणजे रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब टाका, दाब कमी करा, ब्रश जवळ धरा. मी तर सकाळी साडेपाचलाच अंगणात बसतो. उन्हं वर आली की आवरतो.

आणि कूलरसमोर लॅकर वार्निश मारूच नका. दमट हवेनं त्यावर पांढरट साय धरते. माझं एक मिग-२१ तसंच गेलं, फार जीव तुटला.

सध्या १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं, नॅट हे लढाऊ विमान करतोय. खरं विमान पावणेनऊ मीटरचं, म्हणून मॉडेल जेमतेम १२ सेंटीमीटर, तळहातावर मावतं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर निर्मलजीत सिंग सेखों असल्याच नॅटमधून एकटे लढले. वायुसेनेचं एकमेव परमवीरचक्र त्यांचंच. त्यामुळे वायुसेनेच्या तिरंगी गोलाचं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र) लावताना मी घाई करत नाही. आधी चमकदार वार्निशचा थर, मग डेकल. मॅट रंगावर थेट लावलं तर खाली हवा अडकून कडा चांदीसारख्या चमकतात.

ठेवायला गावातल्या सुताराकडून सागवानी काचपेटी करून घेतलीय. टिनाखालच्या माळ्यावर ठेवाल तर पातळ पंख वाकतील. कापसाचं बोंडही पेटीजवळ नको, तंतू अँटेनाला गुंडाळतात.