मदत हवी आहे: हीथ्रोची लाईट गेलीय, आई-बाबा अडकलेत, गॅटविकला कसं जायचं?

पूर्णाकाठची_लेक (२१ मार्च २०२५, दुपारी १.४०)
घाईत लिहितेय. लंडनच्या हीथ्रोची वीज गेली, आज दिवसभर विमानतळ बंद, हे सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंच असेल. माझे आई-बाबा अडकलेत. पुढचं मुंबईचं विमान रद्द झालं. गॅटविक विमानतळ चालू आहे म्हणतात. हीथ्रोहून गॅटविकला बस कुठून मिळते? किती वेळ लागतो? बाबांना शुगर आहे. ताई फोन उचलत नाही आणि कंपनीच्या नंबरवर पाऊण तासापासून नुसतं संगीत वाजायलंय. लंडनला कुणी असेल तर लवकर सांगा.

हाउन्सलोकर (१.५२)
मी जवळच राहतो. हीथ्रोजवळच्या हेझला नॉर्थ हाईड नावाचं सबस्टेशन आहे, रात्री साडेअकराच्या आधी तिथं आग लागली. आमच्याकडे अजून धुराचा वास आहे. एरवी हीथ्रोच्या मध्यवर्ती बसस्थानकातून गॅटविकला थेट बस असते, सव्वा-दीड तास लागतो. पण आज लोकांना विमानतळाकडे येऊच नका म्हणून सांगितलंय. आई-बाबा नक्की कुठं आहेत? टर्मिनल कोणतं? ब्रिटनचा व्हिसा आहे का? तो नसला तर बसपर्यंत पोचणंच अवघड.

निराला_बाजार (१.५८)
ताई, सगळ्यात आधी भरपाई मागा. लांबच्या विमानाला माणशी ५२० पौंड, दोघांचे १०४०. मला मागं मिळालेत. बोर्डिंग पास जपून ठेवायला सांगा आणि कंपनीनं व्हाउचर दिलं तर घेऊ नका.

ग्राहक_हक्क (२.१०)
वरचा सल्ला अर्धवट आहे. निराला_बाजार, तुमचं विमान तेव्हा बहुतेक कंपनीच्या चुकीनं रखडलं असेल. बाहेरचं सबस्टेशन पेटलं तर ती असाधारण परिस्थिती, त्यात ते ५२० पौंड मिळत नाहीत. जेवण, गरज पडली तर हॉटेल, आणि पैसे परत किंवा दुसरं विमान, एवढं मात्र द्यावंच लागतं. तेही ब्रिटनचा नियम लागू असेल तर. ब्रिटनमधून सुटणारं विमान कुठल्याही कंपनीचं असो, नियम लागू. ब्रिटनमध्ये येणारं असेल तर कंपनी ब्रिटनची किंवा युरोपची असावी लागते. म्हणून विचारतो: प्रवास कुठून सुरू झाला? दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का?

निराला_बाजार (२.१४)
मागितल्याशिवाय कुणी देत नाही, एवढंच मला माहीत. अर्ज करायला काय जातंय?

ग्राहक_हक्क (२.१७)
अर्ज खुशाल करा. पण म्हातारी माणसं व्हाउचर नको म्हणून उपाशी बसली तर? जेवणाचं कूपन घेतल्यानं कुठलाही हक्क जात नाही.

डॉक्टर_गंगाखेड (२.२०)
शुगरला गोळ्या की इन्सुलिन? औषध जवळच्या पिशवीत आहे की सामानात गेलंय? हे आधी कळवा.

कापूस_तूर (२.२६)
एवढ्या मोठ्या विमानतळाला एकच डीपी (ट्रान्सफॉर्मर)? आमच्या शिवारातली जळाली तर तीन आठवडे कुणी फिरकत नाही, गहू डोळ्यादेखत वाळतो. पण लंडनला बी असंच असंल तर अवघडच म्हणायचं.

१३२_केव्ही (२.४१)
नोकरीची एकतीस वर्षं सबस्टेशनात गेली म्हणून लिहितो. तुझी डीपी म्हणजे लहानसा ट्रान्सफॉर्मर. हे यंत्र २७५ केव्हीवरचं, म्हणजे पावणेतीन लाख व्होल्टचं, आणि त्यात २५ हजार लिटर तेल होतं असं अग्निशमन दलानं सांगितलंय. तेल थंडाव्यासाठी असतं, इन्सुलेशनसाठी असतं, पण पेटलं तर तेच इंधन. डिझेल जनरेटर आहेत हो, पण ते धावपट्टीचे दिवे आणि टॉवरपुरते. आकाशातलं विमान सुखरूप उतरावं एवढ्यासाठी. सामानाचे पट्टे, लिफ्ट, तपासणीची यंत्रं, हजारो माणसांची सोय त्यावर चालत नाही. म्हणून बंदच करावं लागतं.

पूर्णाकाठची_लेक (२.५५)
माफ करा, गडबडीत निम्मं लिहिलंच नाही. आई-बाबा बॉस्टनहून यायलेत, ताईच्या बाळंतपणाला गेले होते. बॉस्टन-लंडन-मुंबई, एकच तिकीट. तिथं आता पहाटेचे साडेपाच वाजलेत, तान्हं लेकरू घेऊन ताई झोपली असणार. ब्रिटनचा व्हिसा नाही, अमेरिकेचा आहे. कंपनी इथं लिहीत नाही, ग्राहक_हक्क यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बाबा इन्सुलिन घेतात, पेन आईच्या खांद्याच्या पिशवीत आहे. सकाळी अकराला बाबांचा एकच मेसेज आला, "उतरलो, बसून आहोत", आणि एक फोटो. त्यानंतर काही नाही. फोटो टाकतेय.

हाउन्सलोकर (३.०१)
थांबा. उतरलो म्हणजे? हीथ्रो तर मध्यरात्रीपासूनच बंद. बॉस्टनचं विमान आज इथं उतरूच शकत नाही.

सातासमुद्रापार (३.०९)
फोटो मोठा करून बघा. आई बाकावर बसल्यात, मांडीवर पिशवी, आणि मागं वर पिवळी पाटी. पाटीवर इंग्रजी शब्दांच्या वरच्या ओळीत दुसरीच भाषा आहे, "गेअताई" असं काहीसं. ती आयरिश आहे, अर्थ गेट. आयर्लंडमधल्या पाट्या अशाच दुभाषी असतात. तुमचे आई-बाबा लंडनला नाहीतच, आयर्लंडला आहेत. आज अमेरिकेकडून येणारी बरीच विमानं तिथल्या शॅनन विमानतळावर उतरवलीत, बहुतेक तिथंच असतील. बाबांना विचारा, पाटीवर गावाचं नाव काय.

पूर्णाकाठची_लेक (३.१२)
अरे देवा. आणि मी तासभर गॅटविकच्या बसा शोधायले.

सातासमुद्रापार (३.२५)
आता तीन गोष्टी करायला सांगा. त्या विमानातल्या बाकीच्या लोकांना सोडून कुठंही जाऊ नका. कंपनीचा माणूस दिसला की बाबांनी आधी "इन्सुलिन" हा शब्द म्हणायचा, तो कुणालाही कळतो. आणि आयर्लंडचा व्हिसा नाही म्हणून घाबरू नका. विमान वळवून आणलेल्या लोकांना हॉटेलात न्यायचं की नाही हे तिथले इमिग्रेशनवाले ठरवतात. पासपोर्ट कपड्याच्या आत ठेवा. अगदीच अडलं तर डब्लिनला आपला दूतावास आहे.

डॉक्टर_गंगाखेड (३.३१)
वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन बहुतेक २८ दिवस साध्या खोलीत टिकतं, बर्फाच्या मागं लागू नका. पण जेवण समोर आल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन टोचायचं नाही. घड्याळ बॉस्टनचं, पोट आयर्लंडचं, त्यात सवयीनं टोचून घेतलं आणि खायला मिळालं नाही तर शुगर खाली जाईल. खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटं ठेवा. घाम, थरथर वाटली की आधी गोड, मग फोन. इन्सुलिन लांब मुदतीचंही असेल तर डोसचं वेळापत्रक नेहमीच्या डॉक्टरांना विचारा.

देवगिरीचा_प्रवासी (३.४०)
मुंबईहून परभणीला तपोवन एक्स्प्रेसपेक्षा देवगिरी एक्स्प्रेसच बरी. तपोवन दिवसाची, बसून यावं लागतं. रात्रीचं झोपून येता येतं, वयस्कर माणसांना तेच सोसतं.

ग्राहक_हक्क (३.४४)
त्यांनी रेल्वेचं विचारलंच नाही हो.

देवगिरीचा_प्रवासी (३.५०)
विचारलं नसलं तरी लागणारच आहे. उद्याचं तिकीट काढलेलं असेल तर चार्ट लागायच्या आत रद्द करा, नंतर परतावा मिळत नाही.

पूर्णाकाठची_लेक (४.०५)
काढलेलंच होतं, उद्याच्या देवगिरीचं. आत्ता रद्द केलं. आभार.

पूर्णाकाठची_लेक (सायंकाळी ७.२०)
बोलणं झालं! शॅननच आहे. शेजारच्या एका पोरीच्या फोनवरून आई बोलली. सगळ्यांना बसनं हॉटेलात न्यायलेत, पासपोर्टवर काहीतरी शिक्का मारून दिलाय. बाबांनी सँडविच खाऊनच इन्सुलिन घेतलं. ताईनं बांधून दिलेले धपाटे आईनं त्या पोरीलाही दिले म्हणे. आता आई म्हणते तू जेव आधी. सातासमुद्रापार, तुम्ही ती पाटी वाचली नसती तर मी अजून लंडनच शोधत बसले असते.

निराला_बाजार (८.०२)
बरं झालं. हॉटेलचं बिल स्वतः भरू देऊ नका. भरलंच तर पावती.

पूर्णाकाठची_लेक (२५ मार्च, सकाळी ९.१०)
आई-बाबा आज पहाटे परभणीला पोचले. शनिवारी लंडन, तिथं एक रात्र, मग मुंबई. दोघांचे पाय सुजलेत, बाकी बरं आहे. एक बॅग आली नाही, बाळाचं सगळ्यात पहिलं झबलं आईनं आठवण म्हणून तीत ठेवलंय. मुंबईच्या काउंटरवर "येईल" म्हणाले आणि हे निघाले.

ग्राहक_हक्क (९.३८)
कागद दिला का? सामान आलं नाही याचा अहवाल, पीआयआर म्हणतात त्याला, त्यावर नंबर असतो. नसेल तर आजच कंपनीला ईमेल करा, बॅगेच्या चिठ्ठीचा फोटो जोडा. विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईचा माँट्रियल करार आहे, त्यात भारत आहे. उशिरा आलेल्या सामानाची लेखी तक्रार ते हातात आल्यापासून २१ दिवसांत, आणि मोडतोड असेल तर ७ दिवसांत करावी लागते. कंपनीनं उत्तर दिलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका.

पूर्णाकाठची_लेक (२ एप्रिल)
बॅग आली. चेन तुटलीय, झबलं आहे. चेनची तक्रार आजच पाठवली.

१३२_केव्ही (६ जुलै)
धागा वर आणतोय, कारण तिथल्या वीज व्यवस्थेचं नियंत्रण करणाऱ्या संस्थेचा चौकशी अहवाल आलाय. ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर चिनी मातीच्या चकत्यांचं शिंग असतं, त्याला बुशिंग म्हणतात, त्यातून तार आत जाते. त्या बुशिंगमध्ये बहुतेक ओल शिरली, तिथंच बिघाड झाला आणि पेटलं. तेलाच्या नमुन्यात जास्त ओल जुलै २०१८ मध्येच दिसली होती. लगेच बदलायला हवं असा तो आकडा होता. बदललं नाही. आणि कापूस_तूर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: एकच नाही, तीन ठिकाणांहून वीज येते. पण आतली जोडणी अशी की एक गेलं की त्यावरचं सगळं बंद, आणि दुसऱ्यावर वळवायला कित्येक तास. दोन लाखांवर प्रवाशांचे हाल झाले त्यात. नोकरीत असताना असा आकडा माझ्या टेबलावर आला असता तर मला झोप लागली नसती.

कापूस_तूर (६ जुलै)
सात वर्षं कागद पडून? साहेब, आमच्या डीपीला बाजूला एक बाटली आहे, त्यातले खडे गुलाबी झालेत. त्याचं काय असतंय?

१३२_केव्ही (६ जुलै)
तो ब्रीदर. खडे म्हणजे सिलिका जेल, कोरडी असली की निळी. गुलाबी म्हणजे ओल पिऊन भरली, आता ओल तेलात उतरणार. पावसाचे दिवस आहेत, हात लावू नकोस, लांबून फोटो काढ. डीपीचा नंबर घालून लेखी अर्ज दे, आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नकोस. अर्जाचा मसुदा व्यनि करतो.