प्रति: सुट्टी जेवणावळीतच संपते
वर कुणीतरी म्हटलंय की सुट्टीचे १५ दिवस नातेवाइकांकडे जेवण्यातच जातात, गाव बघायचं राहूनच जातं. अगदी खरं! म्हणून गेल्या डिसेंबरात नागपूरला गेलो तेव्हा सगळ्यांना आधीच कळवलं: जेवायला नाही, सकाळी चहाला येतो. मावशी फोनवरच भडकली, "काहून रे, आमचं जेवण जड झालं का?"

गेलो, तर चहाआधी तर्री पोहे. वर काळ्या चण्यांची लालभडक तर्री, कांदा, मूठभर चिवडा. दुसऱ्याच घासाला नाक वाहायला लागलं. मावशीनं काही न बोलता पाण्याचा गडू पुढे सरकवला. (परदेशात राहून जीभ मऊ झाली, हे तिला कळलं असणारच.)

पण दुपार मोकळी मिळाली. मेट्रो २०१९ ला सुरू झाली, मी त्याआधीच गाव सोडलेलं. सीताबर्डीहून लोकमान्य नगरच्या गाडीत बसलो, खिडकीतून अंबाझरी तलाव दिसला आणि उतरायचं विसरलो.

संत्र्यांसाठी जाणार असाल तर डिसेंबरात आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारं पीक) मिळतो. मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारी) संत्री हवी असतील तर फेब्रुवारी-मार्च गाठा. मला तीच आवडतात.