मदत हवी आहे: थोरियमच्या अणुभट्टीतले ते २७ दिवस

नमस्कार. थोरियमवर एक व्याख्यान तयार करतोय आणि एका जागी पुरता अडकलोय. जाणकारांनी मदत करावी.

थोरियम-२३२ स्वतःच्या बळावर साखळी अभिक्रिया (एकापाठोपाठ एक अणू फुटत राहणं) चालवू शकत नाही, हे ठाऊक आहे. न्यूट्रॉन गिळून त्याचं थोरियम-२३३ होतं, ते २२ मिनिटांच्या अर्धायुकालाने (निम्मा भाग बदलायला लागणारा काळ) प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं आणि त्यातून युरेनियम-२३३, म्हणजे खरं जळणारं इंधन. पण प्रोटॅक्टिनियमचा अर्धायुकाल २७ दिवसांचा! तेवढ्यात त्याने आणखी एक न्यूट्रॉन घेतला तर हाती युरेनियम-२३४ येतं, जे उपयोगाचं नाही. न्यूट्रॉनही गेला आणि होऊ घातलेलं इंधनही.

प्रोटॅक्टिनियम भट्टीबाहेर काढून ठेवलं तर तीन महिन्यांत सुमारे ९० टक्के भागाचं युरेनियम-२३३ होईल. वितळलेल्या क्षारांच्या भट्टीत चालू असतानाच ते काढायची कल्पना आहे, पण असं वेगळं केलेलं युरेनियम अण्वस्त्राच्या दृष्टीने धोक्याचं. इंधनाच्या घन कांड्यांत तर ती सोयच नाही. मग घन इंधनावर चालणारी भट्टी जळतं तितकं तरी युरेनियम-२३३ परत तयार करू शकते का? 'शाश्वत' हा शब्द लोकांसमोर वापरायचा, तर याचं उत्तर मला हवंच.

प्रतिसाद:
करू शकते, आणि ते करून दाखवलेलं आहे. अमेरिकेतल्या शिपिंगपोर्टच्या भट्टीत १९७७ ते १९८२ थोरियम आणि युरेनियम-२३३ चा गाभा (भट्टीतला इंधनाचा भाग) साध्या पाण्यावर चालवला. शेवटी मोजलं तेव्हा विखंडनक्षम, म्हणजे अणू फुटून जळणारं, इंधन सुरुवातीपेक्षा एक टक्क्याहून थोडं जास्त भरलं. न्यूट्रॉनांचा प्रवाह कमी ठेवला की प्रोटॅक्टिनियमला वाट पाहायला वेळ मिळतो. मात्र तेवढ्याच गाभ्यातून मिळणारी शक्ती घटते, ही त्याची किंमत.

माझ्या मते खरी अडचण पुढे, तयार झालेलं युरेनियम काढून त्याच्या नव्या कांड्या बनवताना आहे. सोबत थोडं युरेनियम-२३२ तयार होतं. ते क्षय पावत जाताना तयार होणारं थॅलियम-२०८ फार भेदक गॅमा किरण सोडतं, म्हणून नव्या कांड्या जाड भिंतीआडून, यंत्रहातांनी बनवाव्या लागतात. शिवाय थोरियम ऑक्साइड नायट्रिक आम्लात सहजी विरघळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार, शिपिंगपोर्ट माझ्या नजरेतून सुटलंच होतं. एक विचारतो: युरेनियम शुद्ध केल्यावर लगेच कांड्या बनवल्या तर गॅमाचा त्रास कमी होईल ना?

प्रतिसाद:
हो. शुद्ध करताना थॅलियमच्या आधीची मूलद्रव्यं निघून जातात आणि ती पुन्हा साठायला वेळ लागतो. सुरुवातीचे दिवस त्यातल्या त्यात सोयीचे. साठवून ठेवाल तसा गॅमा वाढत जातो.