मदत हवी आहे: बाळाला घरी ऑक्सिजन, परभणीजवळ

नमस्कार मंडळी. आमच्या ताईचं बाळ 28व्या आठवड्यातच झालं. व्हेंटिलेटर सुटला, मग सीपॅप (नाकातल्या नळ्यांनी दाबानं हवा देणारं यंत्र). त्या नळ्यांनी नाकाची मधली पट्टी लालभडक, हवा जाऊन पोट टम्म. आता साध्या नळीवर आलंय, पण पोटातले दिवस धरून 36 आठवडे भरले तरी ऑक्सिजन सुटेना, म्हणून डॉक्टर बीपीडी (लवकर झालेल्या बाळांचा फुप्फुसाचा लांबणारा आजार) म्हणतात. ऑक्सिजनसकटच घरी सोडणार आहेत. गाव परभणीपासून आत, लाइटीचा काही भरवसा नाही. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, लाइटीवर चालणारं यंत्र) भाड्यानं घ्यावा की विकत? लाइट गेल्यावर जोडीला सिलिंडर केवढा ठेवता? बाळाला लागतो तसा अगदी कमी फ्लोचा मीटर (ऑक्सिजन किती सुटतो ते मोजणारा) परभणी-नांदेडला मिळतो का? औषधं सुचवू नका, ती डॉक्टर बघतात. आणि ऑक्सिजनजवळ जाळ-धूर नको म्हणून चूल बाहेर हलवायचं आजीला कसं पटवावं, तेही सांगा!