विषय: जूनमध्ये नाशिकला मुलांना घेऊन कुठे जायचं?

ह्यूस्टनहून:

नमस्कार मंडळी,

इकडे शाळा मेअखेर सुटतात, त्यामुळे यंदा आम्ही दोन-तीन घरं जूनच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला पोचतोय. मुलं सहा ते तेरा वर्षांची. राहायला आजी-आजोबांचं घर आहेच. नातेवाईक प्रेमाने एसी गाडी सांगून ठेवतात, वॉटर पार्कची तिकिटं काढतात. पण त्याच दिवसांत येवला-सिन्नरकडच्या गावांत टँकरची वाट बघत हंडे रांगेला लागलेले असतात, आणि अशा वेळी मुलांना हौसेच्या पाण्यात डुंबायला नेणं मला पटत नाही. त्यांनी मातीत, झाडाखाली वेळ घालवावा आणि आपल्या जाण्याने तिथलं काही बिघडू नये, असं काय करता येईल? नाशिकची माणसं लिस्टवर आहेत म्हणून विचारतेय.

नाशिकहून, गंगापूर रोड:

अगं, छान विचारलंस. आधी एक सांगते, इथे आल्यावर मुलांचं घड्याळ बदला. साडेपाचला घर सोडायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. तसंही पहिले काही दिवस जेट लॅगमुळे पोरं पहाटेच टक्क जागी असतात, त्याचा फायदा घ्या. दुपार घरात, पंख्याखाली.

त्र्यंबकच्या वाटेवरच्या अंजनेरीच्या डोंगरावर नक्की जा. त्र्यंबकच्या सिटीलिंक या शहर बसने अंजनेरी फाट्यावर उतरता येतं, पुढे चालत. गाडी लागतच नाही. कड्यांवर गिधाडं राहतात, दुर्बीण असेल तर आणा. गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, अशी मेलेली गुरं खाऊन देशभर गिधाडं मेली, २००६ मध्ये त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली, ही गोष्ट तेरा वर्षांच्या मुलाला नीट कळते. कड्याजवळ आरडाओरडा नको, ड्रोन तर अजिबात नको. माकडांना बिस्किटं घालू नका. आपण निघून जातो, मग ती पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप घालतात.

वरचं पठार जूनमध्ये उजाड वाटेल. तिथे मुलांना खाली बसवून सांगा की या मातीत कंद आहेत. अंजनेरीच्या नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची एक जात इथे वाढते, पावसाळ्यात फुलते. म्हणून मळलेली पायवाट सोडायची नाही. आणि कृपा करून सीडबॉल, म्हणजे आत बिया घातलेले मातीचे गोळे, फेकू नका. ‘मोकळं दिसतंय, झाडं लावू’ या उत्साहात लोक पठारावर काहीही टाकतात. गवत आणि कातळ हेच त्या पठाराचं रान आहे. दुपारी वळीव आला तर वर विजेचा धोका असतो, त्यामुळे सकाळीच उतरा.

झाडांची हौस असेल तर बिया गोळा करा. माझ्या मते मुलांसाठी याहून चांगलं काम नाही. बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा झाडाखाली पडलेल्या असतात. वाळलेली शेंग हलवली की आत बिया खुळखुळतात. फोडली की आडव्या चकत्यांचे कप्पे दिसतात, प्रत्येकात एक बी आणि चिकट काळा गर. हात बरबटतात, बरबटू देत. हे बी टणक. कवचाला कानशीने थोडं घासायचं नाहीतर गरम पाण्यात रात्रभर भिजवायचं, त्याशिवाय रुजायला फार वेळ घेतं. जांभळाचं उलट आहे. ते बी वाळलं की गेलं, म्हणून खाल्ल्यावर लगेच धुऊन पिशवीत पेरायचं. एकेका बीतून कधी दोन-तीन कोंब निघतात, मुलं रोज उठून मोजत बसतात. रोपं आजोबांकडे वाढू देत, पुढच्या पावसाळ्यात एखाद्या शेताच्या बांधावर लावता येतील. सातपूरला फाशीच्या डोंगरावर लोकांनी २०१५ पासून देशी झाडांची देवराई उभी केली आहे, तीही एका सकाळी दाखवा.

पेठ रोडला, त्र्यंबकच्या वाटेवर बाया करवंदं-जांभळं घेऊन बसतात, पानांच्या द्रोणात देतात. त्यांच्याकडून घ्या, घासाघीस करू नका. पाणी घरून उकळून स्टीलच्या बाटल्यांत आणा, मग प्लॅस्टिकच्या बाटल्या विकत घ्यायची वेळच येत नाही.

डॅलसहून:

काकू, सगळं लिहून घेतलं. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जूनमध्ये पक्षी असतील का? आणि भंडारदऱ्याचे काजवे! मोठी व्हॅन ठरवून सगळेच एका शनिवारी रात्री जाऊन येऊ म्हणतोय. मुलांनी काजवा पाहिलाच नाहीये.

नाशिकहून:

अरे, नांदूरला थंडीत येणारे परदेशी पाहुणे उन्हाळ्यापूर्वीच परत गेलेले असतात. पण जांभळी पाणकोंबडी, वारकरी, चित्रबलाक दिसतील. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यात गाळ साचत गेला, बेटं झाली, आणि त्या गाळाने पक्ष्यांची सोय केली. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पहाटे जा.

शनिवारच्या काजव्यांना मात्र माझा विरोध आहे, स्पष्टच सांगते. नर लुकलुकतो तो मादीला बोलवायला. हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश यांच्या उजेडात ती खूण तिला दिसत नाही. कितीतरी जातींच्या माद्या आणि बहुतेक अळ्या जमिनीलगत असतात, गर्दीच्या पायाखाली जातात. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. जायचंच असेल तर मधल्या वारी जा, गावात एखाद्या घरी मुक्काम करा, जेवणाचे पैसे त्या घराला मिळू देत. गाडी गावात ठेवून गावातल्याच माणसाबरोबर अंधारात चाला. वन खात्याचे नियम त्या वर्षी काय आहेत ते आधी विचारा. हे जमणार नसेल तर यंदा राहू दे.

डॅलसहून:

पटलं. व्हॅन रद्द. बुधवारी आम्ही दोन मोठी माणसं आणि आमची तीनच मुलं जाऊ, मुक्कामाला. मोबाइल गाडीत राहतील.

ह्यूस्टनहून:

काकू, मनापासून आभार. अंजनेरी आणि बिया नक्की ठरलं. सगळ्यांना एक विनंती: मुलं हट्ट करतील, पण बिया परतीच्या बॅगेत घालू नका, परवान्याशिवाय अमेरिकेत आणता येत नाहीत. रोपांच्या पिशव्या नाशिकलाच राहतील, त्यांना पाणी घालायचं आजोबांनी कबूल केलं आहे. ज्यांच्याकडे जादा दुर्बीण आहे त्यांनी मला कळवा. लहान मुलांसाठी दोन तरी हव्यात.