फोल्डरचं नाव बदललं आणि पिप बंद पडलं

प्रश्न:
उबुंटूवर प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव ‘हिशोब’वरून ‘खातेवही’ केलं. व्हेनव्ह (पायथनच्या पॅकेजेससाठी प्रोजेक्टपुरतं वेगळं फोल्डर) आतच आहे. अ‍ॅक्टिव्हेट होतं, प्रॉम्प्टवर नावही येतं, पण व्हेनव्ह/बिन/पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारी कमांड) चालवलं की ‘बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर जागेवर आहे!

उत्तर 1:
सापडत नाहीये तो पिपच्या पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर, म्हणजे ती फाइल चालवणारा प्रोग्राम. ‘हेड -1 व्हेनव्ह/बिन/पिप’ करा, शिबँगमध्ये (‘#!’ने सुरू होणाऱ्या त्या पहिल्या ओळीत) ‘हिशोब’चा जुना पूर्ण पत्ता दिसेल. पॅकेज इन्स्टॉल होतानाच तो लिहिला जातो, नंतर आपोआप बदलत नाही. पायटेस्ट, फ्लास्क अशा इन्स्टॉल केलेल्या सगळ्या कमांडची तीच गत.

प्रॉम्प्टवर तर अजिबात विसंबू नका. अ‍ॅक्टिव्हेटमध्येही जुनाच पत्ता आहे. पाथ व्हेरिएबलच्या (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांच्या यादीच्या) सुरुवातीला जे फोल्डर लागतं ते आता अस्तित्वातच नाही. ‘विच पायथन3’ विचारा, /यूएसआर/बिन/पायथन3 असं उत्तर येईल. म्हणजे प्रॉम्प्टच्या कंसात व्हेनव्ह, आणि चालतोय सिस्टीमचा पायथन.

व्हेनव्ह/बिन/पायथन मात्र अजून शाबूत आहे. ती सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) आहे, आणि पायव्हेनव्ह.सीएफजी ही व्हेनव्हची सेटिंग फाइल ती स्वतःच्या जागेवरून, एक पायरी वर शोधते. म्हणून ‘व्हेनव्ह/बिन/पायथन -एम पिप फ्रीझ’ चालेल. पॅकेजेसची ती यादी फाइलमध्ये घ्या, व्हेनव्ह उडवा, नवीन बनवून यादी इन्स्टॉल करा. सेडने (मजकूर बदलणाऱ्या कमांडने) पत्ते बदलत बसण्यात अर्थ नाही, एखादी फाइल हमखास सुटते.

उत्तर 2:
वरच्या उत्तरात भर. पत्ता लांब असेल किंवा त्यात स्पेस असेल, तर पिप पहिल्या ओळीत /बिन/एसएच लिहितं आणि खरा पायथन दुसऱ्या ओळीतल्या ‘एक्झेक’पुढे असतो. लिनक्स 5.1 च्या आधी कर्नल (सिस्टीमचा गाभा) शिबँगची ओळ 127 अक्षरांपर्यंतच वाचायचा, आता 255. त्यामुळे ‘हेड -2’च बघा.

प्रश्नकर्ता:
नवीन बनवलं, चाललं. माझ्या स्वतःच्या स्क्रिप्टला कोणतं शिबँग देऊ? ती क्रॉनमधूनही (ठरलेल्या वेळी आपोआप) चालते.

उत्तर 1:
थेट /यूएसआर/बिन/पायथन3 दिलंत तर अ‍ॅक्टिव्हेट करूनही व्हेनव्ह वगळलं जाईल, ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ येईल. /यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन3 द्या. तो पाथमध्ये पहिला सापडेल तो पायथन उचलतो. पण क्रॉनचा पाथ तोकडा असतो, तिथे तुमचं व्हेनव्ह नसतं. म्हणून क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत आधी व्हेनव्हच्या पायथनचा पूर्ण पत्ता, मग स्क्रिप्टचा. अ‍ॅक्टिव्हेट लागत नाही. सुडोनेही (अ‍ॅडमिन म्हणून कमांड चालवताना) पाथ बदलतो, तिथेही हेच करा.